वागणुकीचा माणूस

"मी नितीन. वाशीमवरून आलो. एकटाच हाय."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडू लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली उभं राहून तो एवढं ओरडायचा, मग थांबायचा. आतून कोणी "या" म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही. आता आमच्या रिठदमध्ये माणूस बोलत बोलत थेट चुलीपर्यंत येतो. हा कोण लाटसाहेब बाप्पा? पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, न विचारता जो सांगतो की मी एकटाच आहे, त्याच्यासोबत नक्की कोणीतरी असणार. मागच्या दाराने जाऊन मी गल्ली पाहून आले. कोणी नव्हतं. पण नव्हतं म्हणून काय झालं?

मी भाजीवाली बाई. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावते आणि रिसोडच्या बाजारात विकते. गिऱ्हाईक वांगं हातात घेतं तेव्हाच मला कळतं, हा घेणार की नुसता दाबून ठेवणार. पण हा नितीन मला कळेना. बारीक अंगाचा, अनसिंगचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग. बॅगेत काय, तर एक पाण्याची बाटली आणि चार कागद. गावात सगळे विचारायचे, "हा कोण येते वो तुमच्या घरी? डॉक्टर हाय का?" डॉक्टर नव्हता. "मास्तर हाय का?" तेही नाही. त्याने स्वतःच सांगितलं होतं, "मी लोकाइच्या वागणुकीवर काम करतो, मॅडमच्या हाताखाली." झालं. गावाने त्याचं नाव ठेवलं, वागणुकीचा माणूस.

तो आमच्याकडे का यायचा ते आधी सांगते. आमचे हे फौजेतून हवालदार होऊन परत आले. वरती बर्फात होते. काय झालं, काय नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण आले ते वेगळेच आले. दार बंद केलं की पुन्हा उठून कडी पाहायचे. अंगणात कोंबडी फडफडली तरी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. मी म्हटलं, होईल नीट हळूहळू. मग एका दुपारी आमची पल्लवी त्यांना चहा द्यायला गेली. हे बाजेवर झोपलेले. तिने खांदा धरून हलवलं. पुढचं सांगायलाही माझी जीभ उचलत नाही. डोळे उघडायच्या आधी यांचा हात पोरीच्या गळ्यावर होता. मी दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा सुटला.

नंतर हे अंगणात जाऊन बसले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, "पोट्टीले धाड तिच्या मामाकडे. आजच." पल्लवी धनजला गेली. दहावीचं वर्ष तिचं, शाळा बदलली, मैत्रिणी तुटल्या. एकुलती एक लेक, आणि स्वतःच्या घरी पाहुण्यासारखी. दिवसा यायची, दिवसाच परत जायची. ती माझ्या घरात, माझ्या नजरेसमोर राहावी, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी मला कोणाचं काही नको होतं.

यांच्या एका फौजी दोस्ताने वाशीमच्या एका केंद्रात यांचं नाव घातलं. माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी ते काम करतात म्हणे. तिथून हा आला.

आणि माझा संशय कशावर होता तेही सांगते. आमचे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, शेजारीच राहतात. विहिरीजवळचं वावर यांच्या नावावर आहे, आणि भासऱ्यांची त्याच्यावर नजर. "भावाचं डोकं ठिकाणावर नाही, कारभार कोणीतरी पाहाले पाहिजे," असं ते चारचौघांत बोलायला लागले होते. आणि नेमका त्याच महिन्यात कागद घेऊन एक अनोळखी माणूस आमच्या घरी येतो, कोपऱ्यात बसतो, यांच्याकडे पाहतो आणि कागदावर खुणा करतो. तुम्ही असता तर काय समजला असता?

मी सरळ विचारलं, "काय लिहून राह्यला तू?"

त्याने कागद माझ्या हातात दिला. नुसत्या उभ्या रेघा. साहेब किती वेळा उठले, किती वेळा कडी पाहिली. जाताना तो ते सगळं यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि हे ताठ बसून ऐकायचे. मला वाटलं, हे तर दाखवायचे कागद. न दाखवायचे कुठे ठेवतो?

पण डोकं उठवायचं ते त्याचं एक वाक्य. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "मॅडमले इचारून सांगतो." हे बरे होतील का? मॅडमले इचारून सांगतो. पोरगी कधी आणू? मॅडमले इचारून सांगतो. एकदा चहा पुढे केला तर तेच! मी म्हटलं, "अरे, चहाले बी मॅडमले इचारतो? मंग तहान लागली तं कोनाले इचारतो?" तो हसला, बॅगेतली बाटली काढून घोटभर पाणी प्यायला. पुढच्या खेपेला आला तो लिंबाखालूनच म्हणाला, "ताई, मॅडम हो म्हनल्या. चहा चालते." मी तर त्याला पुन्हा चहा विचारणारच नव्हते, पण केला.

माझा तर पक्का समज झाला की मॅडम नावाचं कोणी नाहीच. ताकास तूर लागू द्यायची नसली की माणूस वरच्याचं नाव सांगतो. हे म्हणायचे, "मी भेटलो हाय त्याहिले." पण छपरावर माणसं आहेत असंही हे त्या दिवसांत म्हणायचे. यांचं काय धरायचं?

मग ते शाब्बास प्रकरण झालं. नितीनचा एक नेम होता. कोणी लहानसं काही नीट केलं की तो ते लगेच बोलून दाखवायचा. मी आवाज न करता भांडं ठेवलं की "हे बेस झालं, ताई." मला वाटायचं, टिंगल करतो. एक दिवस यांनी चहा घेतला आणि कडी न लावता तसेच बसून राहिले. दार सताड उघडं. पहिल्यांदाच. मलाही आनंद झाला, पण मी तोंड बंद ठेवलं. हा पठ्ठ्या मात्र उत्साहात म्हणाला, "शाब्बास, साहेब!"

हे उठले. कप भिंतीवर फुटला.

"शाब्बास कोनाले म्हनतो रे? शाब्बास वरचा खालच्याले देते. तू कोन? मी किती पोट्ट्याइले शाब्बास देल्ली, तुले माहीत हाय? निघ!"

नितीन गेला. पण गेला कसा, तर पाठ न दाखवता, उलटा चालत, हात समोर मोकळे ठेवून, गल्लीच्या तोंडापर्यंत. गावाने पाहिलं. भासऱ्यांनीही ओसरीवरून पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

मी म्हटलं, आता सोक्षमोक्ष. दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या घेतल्या, वाशीमची एसटी धरली, आणि विचारत विचारत त्या केंद्रावर पोचले. मेथी कशाला, तर कोणी हटकलं तर भाजीवाली म्हणून उभं राहता यावं. बाजूच्या खिडकीला जाळी होती. जाळीतून पाहते तर आत खरंच एक बाई. बुटकी, केस पिकलेले, पायात साधी स्लीपर, आणि आवाज मात्र असा की पंख्याने थांबावं. समोर नितीन हात मागे बांधून उभा.

"तुम्ही हवालदारांना शाब्बास म्हणालात?"

"हो मॅडम."

"असं ठरलं होतं आपलं?"

"नाही मॅडम. मले बरं वाटलं, म्हून तोंडातून निघून गेलं."

"तुम्हाला बरं वाटायला जाता का तिथे? त्यांना काय वाटेल ते कोण पाहणार?"

मी ऐकत राहिले. चांगलं भाजून काढलं बाईने त्याला. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. या बाईला ते कळलं कसं? रिठदहून सांगायला कोणी आलं नव्हतं. म्हणजे यानेच येऊन सांगितलं. आपली चूक आपल्याच तोंडाने वरती सांगणारा माणूस भासऱ्यांचा कसा असेल? भासऱ्यांची माणसं चूक झाली की गाव सोडून पळतात. एवढं मात्र मनात नोंदवलं. पूर्ण भरवसा ठेवला असं नाही. मेथी तशीच परत आणली. फुकट कशाला द्यायची?

पुढच्या आठवड्यात लिंबाखालून आवाज आला. "मी नितीन. वाशीमवरून आलो. एकटाच हाय." आतून कोणी "या" म्हणेना. मी यांच्याकडे पाहते, हे भिंतीकडे. तो तिथेच उन्हात उभा. किती तरी वेळाने हे ओरडले, "काय काम हाय?"

"चूक झाली, साहेब. शाब्बास तुमची हाय. आता ती तुमीच द्या. आमी मिळवतो."

 हे उठले आणि दाराची कडी काढली.

त्यानंतर त्याने उठवण्याचं काम काढलं. आता आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मग झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं? जवळ जाऊन हलवायचं. माझी आई माझ्या बाबांना अशीच उठवायची, मी यांना, आणि माझं पाहून पल्लवी. इतक्या वर्षांत त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. नितीन मात्र कोपऱ्यात बसून पाहत होता, की मी यांच्या बाजेजवळ जाते, थबकते, आणि हात पुढे करून मागे घेते.

तो म्हणाला, "ताई, हात नाही लावायचा. दारातून हाक मारा. नाव घेऊन."

"नाव लग्नात घेतलं. तेवढं पुरे."

"मंग साहेब म्हना."

"साहेब तुमचे असतीन. मी कायले साहेब म्हनू?"

"मॅडमले इचारून सांगतो."

मी कपाळावर हात मारला. आठ दिवसांनी मॅडमचं उत्तर घेऊन आला. "मॅडम म्हनतात, त्याइचं नाव घ्यायचं नसन तं तुमचं घ्या. दारातूनच, हात पोचनार नाही इतकं दूर उभं राहून. कोन आलं, हे कोनतं घर, आता काय वेळ. रोज तेच, तसंच. झोपेतल्या मानसाले पहिले हेच कळलं पाहिजे."

माझं नाव! या घरात माझं नाव होतं कुठे? सासू होती तोवर मी "सूनबाई", मग "पल्लवीची माय", आणि यांच्यासाठी नुसतं "अवो". स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने, तेही भरदुपारी, दारात उभं राहून! मला तर वाटलं, ही बाई वाशीमला बसून माझी फजिती करते. पण नितीनने यांनाही काम दिलं होतं. डोळे उघडले, कोण ते कळलं, की शाब्बास द्यायची.

मी उंबऱ्यावर उभी राहिले. पदर नीट केला.

"मी कमल. आपलं घर. दुपार."

हे हलले. हाताची मूठ वळली, बाजेच्या काठावर काहीतरी शोधत राहिली. मी पुन्हा म्हटलं, "मी कमल. आपलं घर. दुपार." मूठ सुटली. डोळे उघडले. बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले, मग मान वळवली.

"शाब्बास, कमल."

मी आत जाऊन उगाच भांडी घासायला घेतली. रडू आलं. का येऊ नये? लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून ना शाब्बास ऐकलं होतं, ना कमल. बाहेर नितीन बसला होता. त्याला डोळे दिसू नयेत म्हणून मी तोंड धुऊन आले, तर तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. हेही त्याला मॅडमने शिकवलं असेल काय, कोण जाणे.

पल्लवी रविवारी दिवसभर यायची तेव्हा तीही शिकली. आधी हे जागे असताना नुसते डोळे मिटून पडायचे आणि ती दारातून म्हणायची, "मी पल्लवी. आपलं घर. सकाळ." सुरुवातीला तिचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. मग जायचा बंद झाला. खऱ्या झोपेतून मात्र अजून मीच उठवायची.

एवढं सगळं नीट चाललं असताना एक दिवस मी वावरातून येते आणि काय पाहते? फाट्यावरच्या हॉटेलात नितीन आणि आमचे भासरे, एका बाकावर, समोरासमोर. भासरे पुढे वाकून बोलून राहिले, आणि हा मान हलवून राहिला.  म्हटलं, कमले, इतके दिवस डोळ्यांत तेल घालून बसली आणि घात झाला तो झालाच. पुढच्या खेपेला लिंबाखालून आवाज आला तर मी गल्लीत जाऊन उभी राहिले. "आजपासून येऊ नको," म्हटलं. त्याने का म्हणून विचारलं नाही. "बरं ताई," म्हणाला आणि आल्या पावली गेला. कारण विचारलं नाही म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला.

तिसऱ्या दिवशी भासरेच आमच्या अंगणात आले, रागाने लालबुंद.

"कसला मानूस ठेवला तुमी घरात? त्याले म्हटलं, दोन ओळी लिहून दे, भावाचं डोकं चालत नाही म्हून. तं म्हनते, मॅडमले इचारून सांगतो! म्हटलं, चहा तरी घे. तं म्हनते, मॅडमले इचारून सांगतो! काल फोन केला तं म्हनते, मॅडम नाही म्हनल्या, चहाले बी नाही म्हनल्या! मानूस हाय का पोपट हाय?"

मला हसू फुटलं. इतकं फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. आणि मागून आणखी एक हसण्याचा आवाज आला. हे दारात उभे होते, कडी काढून. यांना हसताना पाहून भासऱ्यांचा चेहरा उतरला. ज्याचं डोकं फिरलं असं गावभर सांगितलं, तो इतकं शहाण्यासारखं हसतो म्हणजे काय! मी त्याच दुपारी यांच्याच फोनवरून नितीनला निरोप दिला. "या," एवढंच. माफी वगैरे मागितली नाही. संशय घ्यायचा नाही तर बाईने घर राखायचं कसं?

महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या दिवशी पल्लवी मामासोबत सकाळच्या गाडीने आली, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं ठरलेलं. मुक्कामाचं मॅडम स्वतः पुढच्या आठवड्यात येऊन, पाहून ठरवणार होत्या. नितीनही आला. मी ताट वाढायच्या आधीच बोट दाखवून म्हटलं, "परसादाले कोनाले इचारायचं नसते." त्याने हातावर आंबील घेतली, पुरणपोळीचा तुकडा घेतला, आणि कपाळाला लावून खाल्ला.

जेवणं जड झाली. हे बाजेवर पडले आणि खरेखुरे घोरायला लागले. चार वाजले. मी उठवायला निघाले, तर पल्लवी माझ्या पुढे उंबऱ्यावर जाऊन उभी. मी नितीनकडे पाहिलं. त्याने हात वर करून मला थांब म्हटलं, आणि स्वतः दाराच्या बाजूला, दोघांच्या मधोमध येता येईल असा उभा राहिला.

"मी पल्लवी. आपलं घर. दुपार. महालक्ष्म्या हायेत, बाबा."

शेवटचं तिने पदरचं घातलं होतं.  यांचा हात उचलला गेला, हवेत थांबला, आणि हळूच स्वतःच्याच छातीवर पडला. डोळे उघडले.

"शाब्बास, बेटा."

मामा पिशवी घेऊन उभाच होता, गाडीची वेळ झाली होती. पल्लवीने बॅग उचलली. तेव्हा हे उठून बसले, आणि या सगळ्या महिन्यांत ज्याला कधी सल्ला विचारला नव्हता त्या नितीनला म्हणाले, "पोट्टी आज राहू शकते काय?"

नितीनचा हात खिशात गेला. फोन बाहेर आला. मी मनात म्हटलं, आता तेच ऐकू येणार. त्याने यांच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. फोन खिशात परत गेला.

"राहू द्या," तो म्हणाला.

पल्लवीने बॅग टाकली ती तिथेच. घरात एकदम गलका झाला. आणि मी? मला आनंद व्हायचा तेवढा झाला, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. चहासाठी मॅडमला विचारणारा माणूस एवढी मोठी गोष्ट न विचारता कशी बोलून गेला? मामा आणि नितीन फाट्याकडे निघाले. मामाचा डबा द्यायचा राहिला म्हणून मीही मागोमाग निघाले. डबा मामाला दिला, त्याची गाडी आली, तो गेला. मी घराकडे वळल्यासारखं केलं आणि फाट्यावरच्या दुसऱ्या लिंबामागे उभी राहिले.

नितीनने फोन लावला. रस्त्याच्या कडेला, हात मागे बांधायचा तसाच ताठ.

"मॅडम, नितीन बोलतो. आज तुमाले न इचारता मी पोरीले मुक्कामाले राहू द्या म्हटलं... हो... हो मॅडम, चूकच हाय. उद्या सकाळी तुमी या... हो, या कामावरून काढलं तरी चालते, मॅडम."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाही, साहेबाच्या भरवशावर नाही सोडली पोरगी. ताईच्या भरवशावर सोडली. त्या बाईचा कोनावरच भरवसा नाही, मॅडम. नवऱ्यावर नाही, माह्यावर तं अजिबातच नाही. त्या रातभर डोळा ठेवतीन. आता बी लिंबामागं उभ्या असतीन."

मी झाडाला आणखी चिकटले. त्याने मागे वळून एकदाही पाहिलं नाही. वाशीमची गाडी आली. तो चढला, आणि दाराच्या दांडीला धरून, गल्लीच्या तोंडाशी ओरडायचा तसाच ओरडला, "मी नितीन. वाशीमले चाललो. एकटाच हाय!"

मॅडम दुसऱ्या दिवशी खरंच आल्या, सगळं पाहून गेल्या, आणि पल्लवी तेव्हापासून घरीच आहे. नितीनला मात्र त्यांनी दुसऱ्या तालुक्यात लावलं. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. त्या संध्याकाळी मी गाडी वळणाआड जाईपर्यंत लिंबामागेच उभी होते. पुढच्या थांब्यावर भासऱ्यांचं वावर लागतं. तिथे उतरला बितरला तर?